दाण्याचे वावडे आणि दाण्याचाच उतारा



आजचा विषय पत्रिकेत वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. दाण्याचे कूट हा काय व्याख्यानाचा विषय झाला? कुटाचा डबा रिकामा झाला की आपल्या घरातला स्वयंपाक अडतो. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, एकादशीची खिचडी, यांतले काहीच त्याच्यावाचून होत नाही. त्या दाण्याने एखाद्या मुलाचा जीव धोक्यात यावा, ही गोष्ट आपल्याला एरवी खरी वाटत नाही. आम्हालाही वाटत नव्हती. आमचे आयुष्य शाळेत रसायनशास्त्र शिकविण्यात गेले. आम्ही काही डॉक्टर नव्हे. तेव्हा हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगितले पाहिजे.

आमची पुतणी अमेरिकेत, न्यू जर्सीत असते. दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला आम्ही नेहमीप्रमाणे तिच्याकडे घरचे तिळाचे लाडू पाठविले. आमच्याकडे तिळाच्या लाडवात भाजलेल्या दाण्यांचे कूट घालण्याची जुनी पद्धत आहे. तिच्या चार वर्षांच्या मुलाने अर्धा लाडू खाल्ला. दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, आवाज बसला आणि छातीत घरघर सुरू झाली. रुग्णवाहिका आली, मांडीत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन दिले गेले, आणि मूल वाचले. पुढे तपासणीत निघाले की त्याला तीळ चालतात, दाणे चालत नाहीत. यापूर्वी एकदोनदा खिचडी खाल्ल्यावर त्याच्या तोंडाभोवती लाली आली होती. ती आम्ही सर्व वडीलधाऱ्यांनी ‘उष्णता’ म्हणून सोडून दिली होती.

काही आठवड्यांनी पुतणीने विचारले, “काका, इथले डॉक्टर म्हणतात, दाणाच अगदी कणाकणाने देऊन शरीराला सवय लावता येते. पण देताना पुन्हा तसाच त्रास होऊ शकतो. द्यावा का?” लाडू आमच्या घरचे होते, तेव्हा ‘डॉक्टर सांगतील तसे करा’ असे म्हणून मोकळे होणे आम्हाला जमले नाही. मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

पहिली अडचण शब्दाची. परिभाषेत ॲलर्जीला ‘अधिहर्षता’ म्हणतात. पण हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याला हर्षाचीच आठवण होते आणि दुखणे बाजूला राहते! आपला ‘वावडे’ हा शब्द चांगला आहे, परंतु तो फार सैल झाला आहे. कारल्याची भाजी नको असलेला जावई म्हणतो, मला कारल्याचे वावडे. दुधाने पोट बिघडणारे आजोबा म्हणतात, मला दुधाचे वावडे. पहिली आवडीनिवडीची गोष्ट आहे, दुसरी पचनाची. आम्ही बोलत आहोत ते वावडे तिसरे. त्यात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती अन्नालाच शत्रू समजते. दाण्यातील ठरावीक प्रथिनांविरुद्ध रक्तात आयजीई नावाचे प्रतिपिंड तयार होतात आणि त्वचा, आतडी, श्वासनलिका येथील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तो दाणा आला की या पेशी आपल्या पोटातले हिस्टॅमिन आणि तत्सम द्रव्ये एकदम बाहेर टाकतात. हे जागच्या जागी घडले तर गांधी उठतात. सर्व शरीरभर घडले तर रक्तदाब कोसळतो आणि श्वासमार्ग आवळला जातो. त्या अवस्थेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, आणि त्या वेळी पहिले औषध ॲड्रिनलिन. गोळी देऊन वाट पाहण्याची ती वेळ नव्हे.

हा शब्द कसा जन्मला, ते ऐकण्यासारखे आहे. १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रातील विषारी प्राण्यांचा अभ्यास करीत होते. पुढे पॅरिसला परतल्यावर त्यांनी कुत्र्यांना समुद्रपुष्पाचे विष थोडेथोडे टोचले. अपेक्षा अशी की, लस टोचल्याप्रमाणे प्राणी विषाला सरावेल. झाले उलटेच. नेपच्यून नावाच्या धट्ट्याकट्ट्या कुत्र्याला पहिल्या वेळी फारसे काही झाले नाही. काही आठवड्यांनी तेवढीच मात्रा दिली, तेव्हा तो अर्ध्या तासाच्या आत मेला. ‘फिलॅक्सिस’ म्हणजे संरक्षण. हे त्याच्या उलट, म्हणून ‘ॲनाफिलॅक्सिस’. रिशेला १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या मते आजच्या विषयाची सगळी मेख त्या एका कुत्र्याच्या कथेत आहे. थोडेथोडे दिल्याने शरीर सरावतेही आणि थोडेथोडे दिल्याने ते पेटतेही. कोणते केव्हा घडेल, हा शंभर वर्षांचा प्रश्न आहे.

सरावल्याचे उदाहरणही फार जुने आहे. १९०८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात आल्फ्रेड स्कोफील्ड या इंग्रज डॉक्टराने तेरा वर्षांच्या एका मुलाची हकीकत दिली. त्या मुलाला अंड्याचा अंशही सोसत नसे. स्कोफील्डने त्याला कच्च्या अंड्याच्या दहा हजाराव्या भागापासून सुरुवात करून गोळ्या दिल्या आणि मात्रा हळूहळू वाढवीत नेली. काही महिन्यांत तो मुलगा अंडे खाऊ लागला. तीन वर्षांनी, १९११ साली, लंडनच्याच लेनर्ड नून याने गवताच्या परागांचा अर्क टोचून वसंतातील शिंका-नजल्यावर उपाय दाखविला. परागांची सुई यशस्वी झाली आणि शंभर वर्षे चालली. तिच्या यशामुळे अन्नाच्या वावड्यावरही सुईच चालेल, असे पुढच्यांना वाटले.

तेथेच ठेच लागली. अमेरिकेत दाण्याच्या अर्काची इंजेक्शने देऊन प्रयोग झाला. त्याचा अहवाल १९९२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना अर्क टोचला त्यांची सहनशक्ती वाढली, हे खरे. परंतु औषध तयार करताना चूक झाली आणि ज्याला नुसते निरुपद्रवी द्रावण द्यावयाचे होते, अशा एका माणसाला दाण्याचा अर्क गेला. तो माणूस दगावला. प्रयोग थांबविला गेला. पुढे १९९७ साली त्याच पद्धतीचा दुसरा अहवाल आला. त्यातही इंजेक्शनांनी सर्वांगाला होणाऱ्या त्रासाचे प्रमाण इतके होते की तो मार्ग सोडून देण्यात आला. ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगत आहो. परागाची सुई आणि दाण्याची सुई दिसावयास सारखीच. धोका मात्र सारखा नव्हे. आणि चूक झाली ती शास्त्रात नव्हे, बाटलीत झाली. सुरक्षितता म्हटली की तिच्यात बाटलीवरची चिठ्ठीदेखील येते.

मग मंडळी पुन्हा स्कोफील्डच्या वाटेकडे, म्हणजे तोंडाच्या वाटेकडे वळली. आजचा उपचार साधारण असा असतो. एका दाण्यात सुमारे अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम प्रथिन असते. मुलाला पहिल्या दिवशी दवाखान्यात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, दाण्याच्या पिठातून अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरुवात करून काही मिलिग्रॅमपर्यंत नेतात. मग रोज घरी तीच मात्रा. दर दोन आठवड्यांनी दवाखान्यात जाऊन एक पायरी वर. सहा महिन्यांच्या आसपास तीनशे मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे एका दाण्यापर्यंत मजल जाते. एक दाणा! आपण पोह्यांवर मुठीने टाकतो, त्यातला एक. २०१८ साली या पद्धतीचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. चार ते सतरा वर्षे वयाच्या ज्या ३७२ मुलांना दाण्याचे पीठ दिले, त्यांपैकी ६७ टक्के मुले वर्षअखेर सहाशे मिलिग्रॅम सोसू शकली; दिसावयास तशीच पण दाणा नसलेली भुकटी घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. याच पिठाला ‘पाल्फोर्झिया’ या नावाने जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

येथवर वाचून आम्ही खूश झालो होतो आणि पुतणीला ‘द्यावा’ असे कळविण्याच्या बेतात होतो. मग दुसरी बाजू हाती आली. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्येच बारा प्रयोगांतील हजाराहून अधिक रुग्णांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. दाणा वर्ज्य करणाऱ्यांपेक्षा दाण्याचा उपचार घेणाऱ्यांना ॲनाफिलॅक्सिसचे झटके सुमारे तिप्पट आले, असे त्यात निघाले.

हे प्रथम वाचताना विचित्र वाटते, पण नीट पाहिले तर त्यात नवल नाही. वर्ज्य करणाऱ्याला भीती अपघाताची, आणि अपघात वर्षातून एखादा. उपचार घेणारा तर शत्रूला रोज घरी बोलावून जेवू घालतो! तीच मात्रा महिनाभर बिनबोभाट पचते. एके दिवशी मुलाला ताप असतो, किंवा ते उपाशीपोटी घेते, किंवा घेतल्यावर लगेच खेळावयास धावते, आणि तीच मात्रा जड जाते. ताप, उपास, दमणूक, काही वेदनाशामक गोळ्या, मुलींच्या बाबतीत मासिक पाळी, या गोष्टींनी सहनशक्तीची पातळी खाली येते, हे आता माहीत झाले आहे. काही जणांना अन्ननलिकेची सूज येते आणि उपचार सोडावा लागतो.

दुसरा प्रश्न याहून अवघड. सवय लागली, ती टिकते का? स्टॅनफर्डच्या एका प्रयोगात दोन वर्षांच्या उपचारानंतर ८५ टक्के रुग्ण चार ग्रॅम प्रथिन पचवू लागले. मग काहींचा दाणा पूर्ण बंद केला. वर्षभराने त्यांच्यापैकी अवघे १३ टक्के तेवढी मात्रा सोसू शकले. याचा अर्थ असा की, सवय लागणे आणि वावडे जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे विषकन्येच्या कथेत विष एकदा अंगी मुरले की कायमचे मुरते. येथे तसे नाही. बहुतेकांना मात्रा रोज, वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते. ज्या आईबापांना ‘मूल बरे होईल’ असे सांगितले जाते, त्यांना हा फरक पहिल्याच दिवशी कळला पाहिजे, असे आम्हाला वाटते. तो पुष्कळदा कळत नाही.

तेव्हा आज या क्षेत्रात जे काम चालले आहे त्याचा रोख शक्ती वाढविण्याकडे तितकासा नाही. तोच गुण कमी त्रासात कसा मिळेल, हे लोक शोधीत आहेत. मार्ग निरनिराळे आहेत. एक मार्ग दरवाजा बदलण्याचा. त्वचेवर एक पट्टी चिकटवावयाची. तिच्यावर दाण्याचे प्रथिन अडीचशे मायक्रोग्रॅम, म्हणजे एका दाण्याचा हजारावा भाग. एक ते तीन वर्षांच्या मुलांत वर्षभर पट्टी लावल्यावर ६७ टक्क्यांना गुण आला, साध्या पट्टीच्या मुलांत ३३.५ टक्क्यांना, हा अहवाल २०२३ चा. गंभीर त्रास फार थोड्यांना झाला. परंतु थोड्या मोठ्या मुलांत, चार ते अकरा वर्षांच्या, हीच पट्टी बरीच दुबळी ठरली होती. जिभेखाली थेंब ठेवण्याचीही पद्धत आहे, तीही सौम्य. एकंदरीत दरवाजा जितका अरुंद, तितका धोकाही कमी आणि लाभही कमी. मात्र अगदी लहान वयात हा हिशेब बदलतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात चार वर्षांखालील मुलांना तोंडावाटे उपचार देऊन नंतर सहा महिने दाणा पूर्ण बंद ठेवला. तरीही २१ टक्के मुलांना तो सोसला. जी मुले वयाने लहान आणि ज्यांच्या रक्तात आयजीई कमी, त्यांच्यात यश अधिक. वावडे कोवळे असतानाच वाकते, असे दिसते.

मग दाणाच सौम्य करता येईल का? एक फार हुशारीचा प्रयत्न असा झाला: दाण्याच्या प्रथिनांची रचना प्रयोगशाळेत थोडी बदलून ती मृत जिवाणूंत भरली आणि गुदमार्गे दिली. उंदरांत उत्तम काम झाले. दहा प्रौढ माणसांवर करून पाहिले, तर निम्म्यांना त्रासामुळे मात्रा पुऱ्या करता आल्या नाहीत. २०१३ साली तो अहवाल आला आणि प्रकरण तेथेच थांबले. उंदीर बरे करणे सोपे आहे, हे आमच्या एका डॉक्टर मित्राचे वाक्य त्या वेळी पटले.

याउलट ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातील मंडळींनी जे केले ते ऐकून आपल्या सभागृहातील गृहिणींना हसू येईल. त्यांनी शेंगदाणे उकडले. दाणे पुष्कळ वेळ उकडले की वावड्याला कारण होणारी काही प्रथिने पाण्यात उतरतात. भाजले की तसे होत नाही, उलट ती अधिक जोमदार होतात. म्हणून त्यांनी सहा ते अठरा वर्षांच्या सत्तर मुलांना आधी बारा आठवडे बारा तास उकडलेले दाणे दिले, मग वीस आठवडे दोन तास उकडलेले, आणि शेवटी भाजलेले. सत्तरांपैकी छप्पन्न मुले भाजलेल्या दाण्यांना सरावली. हा अहवाल २०२३ चा. कारखाना नको, पेटंट नको. पातेले, पाणी आणि घड्याळ! तथापि याही प्रयोगात साठ टक्क्यांहून अधिक मुलांना काही ना काही त्रास झालाच. आणि आपल्या कुकरच्या चार शिट्ट्या म्हणजे बारा तास नव्हेत. आपल्या बाजारातील मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा वावडे असलेल्या मुलाला चालतील, असा अर्थ कृपा करून कोणी घेऊ नये.

आणखी एक मार्ग पहारेकरी नेमण्याचा. ओमॅलिझुमॅब नावाचे इंजेक्शन रक्तातील आयजीईला मास्ट पेशीवर बसण्यापूर्वीच पकडते. ते दम्यावर २००३ पासून अमेरिकेत वापरात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथे एक वर्षावरील रुग्णांच्या अन्नाच्या वावड्यासाठी त्याला मान्यता मिळाली. ज्या प्रयोगावरून ती मिळाली, त्यात सोळा ते वीस आठवड्यांनंतर ६७ टक्के मुले सहाशे मिलिग्रॅम दाणा सोसू शकली. साधे इंजेक्शन घेणाऱ्यांत ७ टक्के. येथे दाणा द्यावा लागत नाही, म्हणून दाण्याने होणारा त्रासही नाही. पण दर दोन किंवा चार आठवड्यांनी सुई, किंमत जबर, आणि औषध थांबले की पहारा उठला. पथ्य पाळावेच लागते. फक्त चुकून कण गेला तर प्राणावर बेतण्याचा संभव कमी. काही डॉक्टर आधी हा पहारा बसवितात आणि त्याच्या आडोशाने तोंडावाटे मात्रा चढवितात. त्यामुळे पायऱ्या लवकर आणि कमी त्रासात चढता येतात, असा अनुभव आहे. आम्हाला तरी हा मेळ सर्वांत आशादायक वाटतो. किंमत उतरेल तेव्हाची गोष्ट.

वावडे मुळातच होऊ नये यासाठी काय, हे थोडक्यात. लंडनमधील ज्यू मुलांत दाण्याचे वावडे इस्राएलमधील ज्यू मुलांच्या सुमारे दसपट, असे २००८ साली दिसले. इस्राएलमध्ये तान्ह्या वयातच दाण्याचा बांबा नावाचा कुरकुरीत खाऊ देतात. त्यावरून गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४० बालकांवर प्रयोग केला. २०१५ साली निकाल आला: पहिल्या वर्षापासून दाणा खाणाऱ्यांत पाचव्या वर्षी वावडे ३.२ टक्के, वर्ज्य करणाऱ्यांत १७.२ टक्के. त्यापूर्वी कित्येक वर्षे तिकडे आयांना नेमके उलटे सांगितले जात होते. बंगळूर आणि म्हैसूर येथील शाळकरी मुलांच्या पाहणीत अन्नाचे खरे वावडे अत्यल्प आढळले आहे. त्याचे श्रेय कुटाच्या डब्याला द्यावे, एवढा पुरावा मात्र आमच्याजवळ नाही.

आता व्याख्यान संपल्यावर जो प्रश्न येईल, तो आम्ही आधीच घेतो. ‘मग घरीच सुईच्या टोकावर कूट घेऊन सुरुवात केली तर?’ नाही. मुळीच नाही. ज्या मात्रेने एक मूल सरावते तिनेच दुसरे गुदमरते, आणि ते कोणते मूल हे खाण्यापूर्वी कोणालाही सांगता येत नाही. ॲड्रिनलिन हाताशी, डॉक्टर समोर आणि मात्रा तोलून, यांतले एक जरी नसले तरी हा उपचार नव्हे.

पुतणीला आम्ही शेवटी ‘द्यावा’ असेही लिहिले नाही आणि ‘देऊ नये’ असेही नाही. डॉक्टरांना विचारण्यासाठी तीन प्रश्न लिहून पाठविले: आपल्याला मुलाने दाणे खावेत असे हवे आहे, की चुकून गेलेला एक दाणा त्याने सोसावा एवढेच, तापाच्या दिवशी काय करावयाचे, आणि किती त्रास झाला म्हणजे थांबावयाचे. तिने आणि जावयांनी विचार करून एका दाण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि सावकाश जाण्याचे ठरविले. तिसऱ्या महिन्यात मुलाला बारीक ताप होता. लक्षात आले नाही, मात्रा दिली, आणि रात्री गांधी उठल्या. ॲड्रिनलिन द्यावे लागले नाही, पण त्या रात्री ती दोघे झोपली नाहीत, आणि येथे आम्हीही. दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा सुरुवात झाली. आता तो सहा वर्षांचा आहे आणि मात्रा एकशेवीस मिलिग्रॅमवर आहे. रात्रीच्या जेवणानंतर ती घेतो आणि मग दोन तास धावावयाचे नाही, याबद्दल रोज भांडतो.

या संक्रांतीला आमच्याकडचे लाडू नुसत्या तिळाचे आणि गुळाचे होते. डब्यावर तशी चिठ्ठी लावली. डबा पोहोचल्यावर पुतणीचा फोन आला. लाडू पाहिले, छान आहेत म्हणाली, आणि मग थोडे चाचरत विचारले, “काकू, तीळ भाजले ते कढई कोणती होती?” दाणे भाजण्याचीच होती. लाडू त्यांनी शेजाऱ्यांना दिले, आणि आमच्या घरी आता तिळासाठी निराळी कढई आहे.